स्वच्छ पायांची मुलगी

जर्मनीतल्या आमच्या बॉबलिंगेनच्या भाजीबाजारात परवा पाटी लागली, नवी वाइन आली आहे. ही वाइन अजून पुरती वाइन झालेली नसते. गढूळ, गोडसर, आतल्या आत फसफसणारी. बाटलीचं झाकण मुद्दाम सैल ठेवतात आणि घरी नेताना ती तान्ह्या बाळासारखी जपून, उभी धरावी लागते. सोबत कांद्याचा गरम केक खायचा. याच दिवसांत चेस्टनटची फळं फुटपाथवर टपटप पडतात, सकाळचं धुकं उशिरा उठतं, आणि घराघरांतले हीटर पहिल्यांदा चालू झाले की तापलेल्या धुळीचा एक वास सुटतो. शेजारी म्हणतात, शरद आला. मला मात्र या सगळ्यातून टर्पेंटाइनचा वास येतो. जवसाच्या तेलाचा येतो. आणि 'मान हलवू नकोस' असं कुणीतरी मागून ओरडेल असं वाटून मी बाजारात, बटाट्यांपुढे, ताठ उभी राहते.

दोन हजार सहाच्या शरदात माझे सासू-सासरे, माई आणि अण्णा, आमच्याकडे तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. अण्णा कराडच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. माईंच्या बॅगेत भाजणी, मेतकूट, माझ्या नवऱ्यासाठी, शैलेशसाठी, खोबऱ्याची चटणी. अण्णांच्या बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळलेले ब्रश, आणि कपड्यांच्या मधोमध, घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्याला चिकटवलेलं एक छापील चित्र.

दुसऱ्याच दिवशी चहाच्या वेळी त्यांनी मनातलं सांगून टाकलं. "आयुष्यभर मी मेलेली माणसं रंगवली," ते म्हणाले. "संस्थेचे संस्थापक, देणगीदार, कुणाचे वडील, कुणाचे आजोबा. पासपोर्टएवढा फोटो आणून द्यायचे आणि म्हणायचे, सर, तेरवीच्या आत हवंय. एक जिवंत माणूस समोर बसवून तेलरंगात करायचा राहून गेला. परत जायच्या आत तेवढं करायचंय."

शैलेशला ऑफिस होतं. सिंडेलफिंगेनच्या गाड्यांच्या कारखान्यातून तो उजेड संपल्यावरच घरी यायचा. माईंनी तर हातच झटकले. "मी नाही बसणार. चाळीस वर्षं हे तोंड समोर होतं, तेव्हा नाही सुचलं तुम्हाला?"

उरले मी. नोकरीचा परवाना यायचा होता, जर्मनचा वर्ग संध्याकाळी असे, दिवस मोकळा होता. पण बसायचं कशाला, हे मला त्या पुठ्ठ्यावरच्या चित्राने आधी विचारायला लावलं.

ते व्होक्लेर नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं होतं. एकोणिसाव्या शतकातला, पॅरिसच्या अकादमीत शिकलेला आणि पुढे तिथेच शिकवणारा. अण्णा त्याला 'मास्तर' म्हणत. ग्रेड परीक्षेच्या हंगामात, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना स्थिरचित्राचं मडकं काढायला बसवलं की ते हे चित्र फळ्यावर टांगायचे. चित्रात एक शेतकऱ्याची मुलगी विहिरीवरून घडा घेऊन येते आहे. त्वचा मेणासारखी. कुठे ब्रशची एक रेघ दिसेल तर शपथ.

"बघ," अण्णा म्हणाले, "घड्याचं वजन खांद्यात कसं उतरलंय."

"आणि पाय?" मी म्हटलं.

"पायांचं काय?"

"विहिरीवरून चालत आली ना? अनवाणी? चिखल कुठाय?"

"चित्र आहे ते, समता. आरोग्य खात्याची तपासणी नाही."

"शेतमजुराच्या पोरीचे पाय असे असतात? भेग नाही, काटा नाही. हे पाय मालकाने दिवाणखान्यात टांगायचे म्हणून धुतलेत."

अण्णांनी चित्र उचलून छातीशी धरलं. "तुला एलिमेंटरीत काय ग्रेड होती?"

"सी."

"सी ग्रेडवाली मास्तरला शिकवतेय!" ते माईंना ओरडून म्हणाले.

माझं नाव समता का, हे यावरून कळावं. माझे बाबा इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांची संघटना बांधायचे. आमच्या घरात वर्तमानपत्राआधी पत्रकं असायची. छापखान्यातल्या खिळ्यांची उलटी अक्षरं मी सुलट्या अक्षरांच्या आधी वाचायला शिकले. शाई पुरती सुकायच्या आत आम्ही भावंडं घड्या घालायला बसायचो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत माझी बोटं काळी असायची. पत्रकाचा कागद सर्वांत स्वस्त, अक्षरं कुठे गडद कुठे फिकी. पण त्यात जे असतं ते तोंडावर असतं. असं वाढलेल्या मुलीला व्होक्लेर आवडायचा कसा? ज्यात काहीच बोचत नाही असं चित्र मला तेव्हा खोटं वाटायचं. आजही वाटतं.

तरी मी बसायला तयार झाले, कारण अण्णांची ती इच्छा मला खरी वाटली. ज्या माणसाने गावातले सगळे मेलेले भिंतीवर चढवले, त्याला एक जिवंत हवा होता. भीती एवढीच, की ते मला त्या विहिरीवरच्या मुलीसारखी धुऊन काढतील. म्हणून मी अटी घातल्या. डोक्यावर पदर नाही. कमरेवर घडा नाही. अनवाणी बसणार नाही, मला चपला परवडतात. आणि मी बोलणार.

"बोललीस की जबडा हलतो."

"हलू दे. आमच्या घराण्याचा आहे."

शैलेशने इस्त्रीचं टेबल उभं करून पुस्तकांच्या कपाटाला टेकवलं, तेच इझल झालं. उत्तरेकडच्या खोलीत खुर्ची मांडली. उत्तरेचाच उजेड का, तर तो दिवसभर फारसा बदलत नाही, ऊन थेट आत येत नाही. अण्णांनी खुर्चीच्या चार पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. मग दोन आठवडे नुसता कोळसा. मास्तरांच्या अकादमीत मुलांना वर्षानुवर्षं प्लास्टरचे पुतळेच काढायला लावत, जिवंत माणूस फार उशिरा समोर येई. अण्णा तीच शिस्त माझ्यावर चालवत होते. आधी डोक्याचा गोळा, मग गोळ्यावरचा उजेड आणि अंधार, नाक-डोळे सर्वांत शेवटी. पहिले चार दिवस माझं डोकं म्हणजे चक्क ग्रेड परीक्षेतलं मडकं होतं.

कोळसा झाला आणि तेलरंग सुरू झाले, तशी एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हेफेले धापा टाकत वर आल्या. आमच्या इमारतीत जिना झाडण्याची पाळी आठवड्याआड बदलते, ज्याच्या दारावर पाटी त्याने झाडायचं. पाटी आमच्या दारावर होती, म्हणून मला वाटलं जिन्यावरच्या पानांवरून बोलणी बसणार. पण त्या हवा हुंगत होत्या. "तेल गळतंय! हायत्सुंगचं तेल! मी माणूस बोलावू का?"

हायत्सुंग म्हणजे हीटर. मी त्यांना आत नेऊन टर्पेंटाइनची बाटली दाखवली. त्या कॅनव्हासपुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आल्झो," त्या म्हणाल्या, "नाक बरं आलंय." मग त्यांची नजर खाली, चपलांतल्या माझ्या उघड्या पायांकडे गेली. त्यांनी जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. आठवड्याने त्यांनी स्वतः विणलेले लोकरीचे मोजे आणून दिले. करडे, जाड, घोट्याशी लाल पट्टा. मी ते चढवले आणि खुर्चीवर जाऊन बसले.

"मोजे काढ," अण्णा म्हणाले.

"थंडी आहे."

"अगं, कुठल्या मास्तरने आजवर असे मोजे रंगवलेत?"

"तुम्ही पहिले."

ऑक्टोबरात एका रविवारी आम्ही एस-बान या लोकलने श्टुटगार्टला गेलो. तिथल्या एका संग्रहालयात फ्रेंच अकादमीच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं आणि त्यात व्होक्लेरची ती मुलगी होती. खरी. भिंतीभर. अण्णा इतके जवळ गेले की रखवालदार दोनदा 'आब्श्टांड, बिटे', अंतर ठेवा, म्हणून गेला आणि तिसऱ्यांदा त्याने अण्णांचा दंड धरून त्यांना अलगद मागे घेतलं. शैलेश भिंतीवरची माहिती वाचून सांगत होता. व्होक्लेर पिंपं बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. गावाने वर्गणी काढून त्याला पॅरिसला धाडलं. रोमच्या शिष्यवृत्तीसाठी तो पुन्हा पुन्हा बसला, पुन्हा पुन्हा नापास झाला, शेवटी मिळाली. मग पदकं, मानाची खुर्ची, श्रीमंत गिऱ्हाइकं. निवड समितीवर बसून त्याने नव्या चित्रकारांना दारातून परत पाठवलं. तो गेल्यावर जग त्याला विसरलं आणि त्याचे मोठमोठे कॅनव्हास गुंडाळून तळघरांत पडले.

"बघा," मी म्हटलं, "कारागिराचा पोरगा. आपल्यातलाच. आणि गेला तिकडे."

अण्णांचं लक्षच नव्हतं. मोठ्या चित्राशेजारी एक हातभर फळी टांगली होती. तीच मुलगी, तोच घडा, पण कच्चं. मोठं चित्र करण्याआधी मास्तर मुलीला समोर उभी करून असा अभ्यास करायचे, आणि मग स्टुडिओत महिनोन्महिने ते घोटून गुळगुळीत करायचे. त्या फळीवर रंग भराभर मारलेला होता. मुलीच्या पायांना घोट्यापर्यंत चिखल होता. एका अंगठ्याला चिंधी बांधलेली. आणि चेहऱ्यावर, अजून किती वेळ उभं राहू, असा सरळ सरळ वैताग.

"त्याला दिसत होतं," अण्णा हळूच म्हणाले.

"म्हणजे आणखी वाईट! दिसत होतं आणि पुसलं."

परतीच्या गाडीत आम्ही बॉबलिंगेन येईपर्यंत भांडलो. समोरची बाई कानातलं यंत्र काढून आमच्याकडे बघत राहिली. शैलेशने वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. अण्णांचं एक वाक्य मात्र मी विसरलेले नाही. "ज्याच्या घरात आयुष्यभर चिखल होता," ते म्हणाले, "त्याला भिंतीवर तरी स्वच्छ पाय हवेसे वाटतात. तुझ्या बाबांनी पत्रकं छापली, कारण त्यांना उद्याचे स्वच्छ पाय दिसत होते. मास्तरने ते आजच रंगवले, एवढंच."

याला उत्तर आहे. उद्याचे पाय आज रंगवले की आजचे कुणी बघत नाही, हे ते उत्तर. मी ते तिथेच दिलं आणि आजही देईन. पण त्या कच्च्या फळीवरची मुलगी आम्हा दोघांनाही तितकीच आवडली होती, हेही खरं. त्या संग्रहालयात, त्या भव्य सोनेरी चौकटींत, ती एकटीच आमच्या बोलण्यात मधे तोंड घालील अशी होती.

त्यानंतरचे दिवस मला रंगांनीच आठवतात. खाली मेपलची पानं दाट पिवळी, त्यांचा उजेड उलटा वर येऊन छताला लागलेला. अण्णांच्या पॅलेटवरची गेरूची आणि पिवळ्या मातीची ढेकळं. रस्त्यावर पानं गोळा करणाऱ्या यंत्राचा घों घों आवाज. स्वयंपाकघरात माईंच्या थालीपिठाला तेल सुटलेलं. मी खुर्चीत बसून यंत्रमागाच्या पाळ्यांवर, बाईच्या मजुरीवर, जर्मन वर्गातल्या तुर्की मैत्रिणींवर अखंड बोलत असे, आणि अण्णा 'हं, हं, मान!' म्हणत काम करत. इतकं माझं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे.

ऑक्टोबरअखेर, इथे दर हिवाळ्याआधी करतात तशी, घड्याळं तासभर मागे गेली. हे अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं. सोमवारी त्यांनी नेहमीच्या वेळी मला बसवलं आणि ब्रश खाली ठेवला. "सावली सरकली. खुर्ची कुणी हलवली?" ते गुडघ्यांवर बसून चिकटपट्टीच्या खुणा तपासू लागले. माईंनी झाडताना ढकलली, असा आरोप झाला. माईंनी तो साफ फेटाळला. संध्याकाळी शैलेशने खुलासा केला. अण्णा म्हणाले, "सरकारने उजेडही हलवावा म्हणजे कमाल झाली." त्या दिवशी पहिल्यांदा आमचं एका मुद्द्यावर एकमत झालं.

मोजे त्यांनी सर्वांत शेवटी घेतले, नाइलाजाने. आणि तिथे मास्तर कामाला येईना. लोकर गुळगुळीत होत नाही. मऊ ब्रश फिरवला की ती साबणासारखी दिसायची. अण्णा चिडले, पुसलं, पुन्हा केलं. मग ब्रशचं मागचं टोक वापरलं, चिंधी वापरली, शेवटी करंगळीने रंग टोचत बसले. एका सकाळी ते गुणगुणताना ऐकू आले. मोजे झाले होते. हात लावला तर बोटाला टोचतील असे, लाल पट्ट्यासकट.

राहिला शेवटचा हात. चेहरा घोटायचा. मास्तरांच्या पद्धतीत हा सर्वांत मानाचा भाग. रंग ओला असताना रुंद मऊ ब्रश पिसासारखा फिरवत जायचं, की माणसाच्या हाताची खूण उरत नाही. अण्णांनी तो ब्रश हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणणार हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या जिभेवरही आलं होतं. पण आमच्या घरात 'कसेल त्याची जमीन' हे वाक्य मी जेवणाच्या आधी शिकले आहे. रंगवेल त्याचं चित्र.

"तुमचं चित्र आहे, अण्णा," मी म्हटलं. "हवं तसं करा."

दोन दिवसांत माझा चेहरा संगमरवरी झाला. शैलेश म्हणाला, "वा अण्णा, फोटोच!" फ्राऊ हेफेले म्हणाल्या, "श्योन. फार सुंदर. पण ही कोण?" माई ओले हात पदराला पुसत आल्या. चेहऱ्याकडे बघितलं, मोज्यांकडे बघितलं, पुन्हा चेहऱ्याकडे.

"अहो," त्या म्हणाल्या, "हिला हार कधी घालायचा?"

अण्णा खुर्चीत, माझ्या खुर्चीत, बसले आणि चित्राकडे बघत राहिले. मलाही दिसत होतं. संस्थापक, देणगीदार, कुणाचे आजोबा, आणि त्यांच्या रांगेत मी. खाली जिवंत मोजे घातलेली. मला हसू आलं नाही. जो माणूस सहा हजार किलोमीटर एका गोष्टीसाठी आला, ती गोष्ट त्याच्याच हाताने, त्याच्या सर्वांत चांगल्या कौशल्याने, मेली होती. आणि परतीला दोन दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन गेले तेव्हा अण्णा चाकूने माझा चेहरा खरवडत होते. कपाळापासून हनुवटीपर्यंत. रंगाच्या ओल्या साली वर्तमानपत्रावर पडत होत्या. "बघू नकोस," ते म्हणाले. मी बघितलं. आपला चेहरा जाताना बघायला विशेष वाईट वाटत नाही, इतकं समजलं.

ते चित्र आज आमच्या पॅसेजमध्ये आहे. येणारे पाहुणे जरा थबकतात. चेहऱ्यावर ब्रशचे फटकारे तसेच आहेत, एक गाल दुसऱ्याहून लाल आहे, तोंड अर्धं उघडं, दात दिसतात. कुणा मास्तरने कधी दात रंगवलेले नाहीत, अण्णा फोनवर अजून कुरकुरतात. पुढच्या महिन्यात ते पुन्हा येत आहेत. या वेळी माईंना बसवणार म्हणे. माई म्हणतात, बघू.

त्या वर्षी निघायच्या दिवशी सकाळी दारात बॅगा होत्या, धुकं काचेला टेकलं होतं आणि माई लोणच्याची रिकामी बरणी कुठे ठेवावी म्हणून घरभर फिरत होत्या. अण्णा कोट घालूनच इझलपुढे उभे होते, बाह्या वर सरलेल्या. मी खुर्चीवर बसले. चेहऱ्याच्या जागी नुसता तपकिरी डाग होता. मला वाटलं, आज तरी त्यांना त्रास द्यायचा नाही. मी मान सरळ ठेवली, ओठ मिटले आणि मास्तरांच्या मुलीलाही जमली नसती इतकी निश्चल बसले.

अण्णांनी दोन-तीन फटकारे मारले. थांबले. पुन्हा एक मारला.

"बोल ना," ते म्हणाले. "गप्प का झालीस?"

"काय बोलू?"

"काहीही. माझं काय चुकतं ते सांग."

"कुठून सुरू करू?"

"पहिल्यापासून," अण्णा म्हणाले आणि ब्रश रंगात बुडवला. "विमान दुपारचं आहे."